हौदातल्या नदीपासून पडद्यावरच्या प्रयोगशाळेपर्यंत



इल्म हासिल करणे हे आपल्याकडे प्रत्येकाचे कर्तव्य मानले गेले आहे. परंतु सर्व विद्या एकाच रीतीने येत नाहीत. सबक म्हणताना एखादा शब्द चुकला तर उस्ताद तो सुधारून देतात. गणिताचे उदाहरण चुकले तर पाटी पुसून ते पुन्हा सोडविता येते. मात्र पूल, धरण, बॉयलर किंवा विजेची तार ह्यांच्या बाबतीत तसे नाही. तेथे झालेली चूक पाटीवरून पुसता येत नाही, तिची किंमत कोणाच्या तरी घरादाराने व प्राणाने मोजावी लागते. म्हणून अभियंत्याच्या शिक्षणात आरंभापासून एक पेच आहे. चुकल्यावाचून माणूस शिकत नाही, आणि अभियंत्याला चुकण्याची मुभा नाही.

हा पेच सोडविण्यासाठी माणसाने जी युक्ती काढली तिचे नाव प्रतिकृती, म्हणजेच मॉडेल. खऱ्या वस्तूसारखी वागणारी एक खोटी वस्तू करावयाची, तिच्यावर हव्या तितक्या चुका करावयाच्या आणि मग खऱ्या वस्तूला हात घालावयाचा. आज अभियांत्रिकी महाविद्यालयांतून जे सिम्युलेशन शिकविले जाते, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर केलेले आभासी प्रयोग, ते ह्या जुन्या युक्तीचेच नवे रूप होय. आपली अनेक मुले-मुली आज पदविका व पदवी अभ्यासक्रमांकडे वळत आहेत. त्यांनी व त्यांच्या पालकांनी हा इतिहास जाणून घ्यावा, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहे.

कागदाची प्रतिकृती

आठशे वर्षांपूर्वी दियारबकर येथील दरबारात अल-जझरी नावाचा एक थोर कारागीर होऊन गेला. पाणी उपसण्याची यंत्रे, जलघड्याळे व स्वयंचलित उपकरणे ह्यांवरील आपला ग्रंथ त्याने १२०६ साली पूर्ण केला. यंत्र कसे बनवावे हे दुसऱ्या कारागिराला वाचून करता यावे, इतक्या तपशिलाने त्याने ते लिहिले आहे. धातू कापण्यापूर्वी कागदाची प्रतिकृती करून आराखडा ठरविण्याची रीत त्याच्या लिखाणात आढळते. कागद फाटला तर दुसरा घेता येतो, पितळेचा पत्रा वाया गेला तर मालकाला जाब द्यावा लागतो, हे त्या उस्तादाला चांगले ठाऊक असावे.

त्याच्याही आधी दोन शतके इब्न अल-हैसम ह्या शास्त्रज्ञाने प्रकाशाचा अभ्यास करताना नुसत्या तर्कावर न थांबता प्रयोगाने पडताळा घेण्याचा आग्रह धरला. ह्या दोघांची नावे येथे केवळ अभिमानासाठी घेतलेली नाहीत. एकाने प्रतिकृती करावयास शिकविले, दुसऱ्याने पडताळा पाहावयास शिकविले. पुढील सर्व इतिहासात ह्या दोन गोष्टी जोडीने चालल्या तेव्हाच विद्या पुढे गेली, आणि त्यांची फारकत झाली तेव्हा नुकसान झाले.

खडकवासल्याचे हौद

आपल्या महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे पद्धतशीर शिक्षण १८५४ साली पुण्यात सुरू झाले. इंग्रज सरकारच्या बांधकाम खात्यास हाताखालचे लोक हवे होते, म्हणून एक वर्ग उघडण्यात आला व त्याचेच पुढे पुण्याचे प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८६७ साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून नागपुरास पोहोचला. ज्या रुळांमुळे आपल्या चांदूरच्या नावाला ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा जोडला गेला, तो हाच मार्ग. त्या काळी अभियंता शिकत असे तो वरिष्ठाच्या हाताखाली, चालू कामावर. पूल पुरात वाहून गेला की पुढचा पूल अधिक रुंद बांधावयाचा, असा तो महाग अनुभव होता.

ह्या महाग अनुभवाला पर्याय म्हणून १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या संशोधनाची एक शाखा काढली. तीच पुढे पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून नावारूपास आली. तेथे जमिनीवर लांबरुंद हौद करून त्यांत नद्यांच्या, धरणांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधतात. त्यांत मोजून पाणी सोडतात आणि काठ कोठे खचतो, गाळ कोठे साचतो, सांडव्यावरून पडणारे पाणी पायथ्याला कसे खणते, हे डोळ्यांनी पाहतात.

ह्यात एक मौजेचे गणित आहे. प्रतिकृती शंभरपट लहान केली तर काळ शंभरपट नव्हे, त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहापट लहान होतो. खऱ्या नदीत दहा तास चालणारा पूर अशा हौदात एका तासात उरकतो. म्हणजे प्रतिकृती हे केवळ खेळणे नव्हे. तिला स्वतःचे नियम आहेत, आणि ते नियम जाणणाऱ्यालाच ती खरे उत्तर देते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले आणि पुणे शहराची मोठी वाताहत झाली. बांधकाम पुरते होण्याआधीच धरणात पाणी साठले होते. खऱ्या धरणावर चुका करीत शिकता येत नाही, हा धडा महाराष्ट्राने त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन घेतला.

पाण्याऐवजी आकडे

परंतु हौदाची प्रतिकृती बांधण्यास जागा, पैसा व महिनोन्‌महिने लागतात. ते काम शासनाचे. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गाला प्रत्येकी एक नदी कोण देणार? येथे संगणक मदतीस आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तंत्रज्ञांनी स्वतः रचलेला संगणक १९६० साली कामास लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टीफ्रॅक’ असे नामकरण केले. आजच्या साध्या मोबाइलच्या तुलनेत त्याची शक्ती नगण्य होती, पण पाण्याऐवजी आकड्यांची प्रतिकृती करता येते हे आपल्या देशात अशाच यंत्रांनी दाखवून दिले.

आकड्यांची प्रतिकृती म्हणजे काय, हे आपल्या सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही वहीवर करून पाहता येईल. समजा, कपात ८० अंशाचा चहा आहे व खोलीचे तापमान वैशाखातील दुपारचे ४० अंश आहे. चहा व हवा ह्यांच्या तापमानात जो फरक असेल त्याचा दहावा भाग दर मिनिटाला कमी होतो, असा नियम धरू. फरक ४० अंशांचा, म्हणून पहिल्या मिनिटात चहा ४ अंश निवेल आणि ७६ वर येईल. आता फरक ३६ राहिला, म्हणून दुसऱ्या मिनिटात ३.६ अंश निवून तो ७२.४ होईल. हेच गणित पौषातल्या २० अंशांच्या सकाळी करा. पहिल्या मिनिटात चहा ७४ वर आणि दुसऱ्यात ६८.६ वर येईल. थंडीत चहा लवकर का निवतो ह्याचे उत्तर चहा न करताच मिळाले.

काळाचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्याला तोच नियम लावावयाचा, आणि आलेले उत्तर पुढच्या तुकड्यासाठी घ्यावयाचे, एवढेच सिम्युलेशनचे मर्म आहे. संगणक तेच काम क्षणार्धात लाखो वेळा करतो. मात्र ‘दहावा भाग’ हा नियम आपण धरलेला आहे, हे विसरू नये. बशीत ओतलेल्या चहाला तो लागू पडणार नाही. नियम चुकीचा दिला तर संगणक चुकीचे उत्तर तितक्याच तत्परतेने व तितक्याच सुबक आलेखासह देईल.

एका वर्गाची कहाणी

शिक्षणात ह्या साधनाचा उपयोग कसा करावा ह्याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात घडले. १९६९-७० च्या सुमारास प्रा. रोनाल्ड रोहरर ह्यांनी विद्युत मंडले शिकविताना नेहमीची व्याख्याने बाजूला ठेवली आणि मंडलांचे गणित करणारा संगणकीय कार्यक्रम विद्यार्थ्यांकडूनच लिहवून घेतला. त्या वर्गातील लॉरेन्स नेगल ह्या विद्यार्थ्याने पुढे प्रा. डोनाल्ड पेडरसन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ते काम वाढविले आणि १९७३ साली ‘स्पाइस’ नावाने तो कार्यक्रम जगापुढे आला. विद्यापीठाने तो मागेल त्याला मुक्तहस्ते दिला. पुढील काळात इलेक्ट्रॉनिक्सच्या असंख्य विद्यार्थ्यांनी त्याच्यावर किंवा त्याच्या वंशजांवर हात बसविला.

ह्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. त्या वर्गातील विद्यार्थी केवळ तयार प्रतिकृतीची बटणे दाबीत नव्हते, ते प्रतिकृती घडवीत होते. नियम स्वतः मांडावा लागला म्हणून तो त्यांना समजला. आणि विद्या कुलूपबंद न ठेवता वाटली गेली, म्हणून ती वाढली.

वऱ्हाडातील परिस्थिती

अमरावतीस शासकीय तंत्रनिकेतन १९५५ साली व शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली निघाले. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली, त्याच वर्षी बडनेरा व शेगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. आपल्या समाजातही मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ साली, आणि नागपूरचे अंजुमन अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ साली उभे राहिले. ज्या मुलाला पूर्वी शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस जावे लागले असते त्याला घराजवळ दार उघडले.

जागा वाढल्या, परंतु यंत्रसामग्री त्या वेगाने वाढणे कोठेच सोपे नसते. एका यंत्राभोवती दहा-बारा विद्यार्थी उभे, त्यांतील एक-दोघे हात लावणार, बाकीचे निरीक्षणे उतरवून घेणार, हे दृश्य अनेकांच्या परिचयाचे आहे. मागे उभा राहतो तो बहुधा लहान गावातून, मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला संकोची विद्यार्थी. यंत्र बिघडले तर भरपाई द्यावी लागेल ह्या धाकाने तो पुढे होत नाही. मुलींच्या बाबतीत तर हा संकोच दुप्पट. म्हणजे चुकण्याची मुभा ज्याला सर्वांत अधिक हवी त्यालाच ती सर्वांत कमी मिळते.

येथे वऱ्हाडच्या एका सुपुत्राची आठवण होते. डॉ. विजय भटकर ह्यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मुरंबा ह्या खेड्यात झाला. परदेशी महासंगणक मिळण्यात अडचणी येऊ लागल्या तेव्हा भारताने १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन केली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. हवामान, द्रवांचा प्रवाह, रचनांची बळकटी अशा मोठ्या प्रतिमानांचे गणित करण्यासाठीच अशी यंत्रे लागतात. वऱ्हाडातील खेड्यातून निघालेला मुलगा हे करू शकला, हे आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षीचा दुसरा धडा

त्याच १९९१ साली, ऑगस्ट महिन्यात, नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ‘स्लाइप्नर ए’ नावाच्या समुद्रातील वायू-मंचाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणी चालू असतानाच फुटला व बुडाला. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही, पण नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलरचे झाले. चौकशीत दिसून आले की, संगणकावर पायाचे प्रतिमान करताना काही नाजूक जागी तुकडे फार ढोबळ पाडले होते. त्यामुळे भिंतींवर येणारा कातरणारा ताण सुमारे ४७ टक्के कमी भासला, आणि त्या जागी सळईचीही योग्य मांडणी झाली नाही. नंतर अधिक बारीक तुकडे पाडून गणित केले तेव्हा ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.

म्हणजे साधन खोटे नव्हते, ते विचारणाऱ्याने नीट विचारले नव्हते. पडद्यावरचे चित्र कितीही देखणे असो, ‘हे उत्तर मला पटते का?’ हा प्रश्न माणसानेच विचारावयाचा असतो. तो विचारण्याची सवय नोकरीत लागत नाही, ती विद्यार्थिदशेतच लावावी लागते.

दारात आलेली प्रयोगशाळा

केंद्र शासनाने २००९ साली माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यातून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ ही योजना आली. दिल्ली, मुंबई व इतर आयआयटींबरोबर, १८५४ साली सुरू झालेल्या पुण्याच्या त्याच अभियांत्रिकी महाविद्यालयानेही तिच्यात भाग घेतला. विद्युत, यांत्रिकी, स्थापत्य, इलेक्ट्रॉनिक्स, रसायन अशा शाखांतील शेकडो प्रयोग इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध झाले. ह्या कामातही अडचणी आल्या. अनेक प्रयोग ‘फ्लॅश’ नावाच्या तंत्रावर रचलेले होते. त्या तंत्राचा आधार २०२० अखेर संपला, म्हणून ते नव्याने लिहावे लागले. त्याच वर्षी मार्चपासून टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली, तेव्हा पुष्कळ विद्यार्थ्यांना प्रयोग म्हणून जे काही दिसले ते अशा पडद्यावरच दिसले.

मुंबई आयआयटीत प्रा. कन्नन मौदगल्य ह्यांच्या पुढाकाराने आणखी दोन उपयुक्त कामे झाली. ‘फॉसी’ ह्या प्रकल्पाने महागड्या परदेशी सॉफ्टवेअरऐवजी मुक्त व विनामूल्य सॉफ्टवेअर महाविद्यालयांत रुजविण्याचे काम हाती घेतले. त्यातील ‘ई-सिम’ हे मंडलांचे सॉफ्टवेअर ज्या गाभ्यावर उभे आहे तो बर्कलेच्या ‘स्पाइस’चाच वंशज आहे. अर्धशतकापूर्वी एका वर्गाने केलेला गृहपाठ अशा रीतीने आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला आहे. दुसरे काम ‘स्पोकन ट्युटोरियल’चे. त्यात सॉफ्टवेअर शिकविणारे लहान लहान पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ऐकावयास मिळतात. इंग्रजीच्या भीतीने मागे उभ्या राहणाऱ्या मुलासाठी ह्याचे मोल फार मोठे आहे.

त्याच संस्थेत एक छोटी तापक पट्टी, एक पंखा व तापमान मोजणारा संवेदक बसवून ते उपकरण इंटरनेटला जोडण्यात आले. दूरच्या गावातील विद्यार्थ्याने आज्ञा द्यावी आणि मुंबईतील खरी पट्टी तापावी किंवा निवावी, अशी ही व्यवस्था. आपल्या चहाच्या गणिताचेच हे थोरले भावंड म्हणावे लागेल. वहीवरचे उत्तर खऱ्या वस्तूच्या उत्तराशी ताडून पाहण्याची सोय त्यात आहे.

आपण काय करावे?

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की, पडद्यावरचा प्रयोग चालविण्यापूर्वी काय उत्तर येईल ह्याचा अंदाज वहीत लिहा. अंदाज चुकला तर आनंद माना, कारण शिकण्याची जागा नेमकी तेथे सापडली. एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रतिमानात कोणता नियम धरला आहे हे शोधून काढा, आणि जमेल तेव्हा लहानसे प्रतिमान स्वतः रचा. मग महाविद्यालयातील खऱ्या यंत्रावर जाऊन तोच प्रयोग करा. आता पुढे उभे राहण्यास भिऊ नका, कारण तुम्ही तो दहा वेळा करून आलेले आहात.

पालकांना विनंती आहे की, मुलगा किंवा मुलगी रात्री पडद्यासमोर बसून प्रयोग करीत असेल तर तो खेळ समजू नका. त्याचबरोबर प्रवेश घेताना कार्यशाळा पाहून घ्या. ‘आमच्याकडे सर्व काही संगणकावर आहे’ एवढ्या उत्तराने समाधान मानू नका. पडद्यावर वेल्डिंगची ठिणगी दिसते, तिची धग लागत नाही. लेथवर धातू कापताना हाताला जी थरथर जाणवते ती आकड्यांत येत नाही. आपल्या मुलींना घरची प्रयोगशाळा दिली म्हणून खरी कार्यशाळा नाकारली जाऊ नये. दोन्हींवर त्यांचा सारखाच हक्क आहे.

शिक्षणसंस्थांनीही शाळांतील संगणक सायंकाळी दोन तास माजी विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवले तर फार मोठा खर्च न येता पुष्कळ काम होईल. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलाला ह्याचा आधार मिळेल.

अल-जझरीच्या कागदाला दरबाराचा आश्रय लागला, खडकवासल्याच्या हौदाला सरकारची तिजोरी लागली, टीफ्रॅकला राष्ट्रीय संस्था लागली. चुकून शिकण्याची मुभा दीर्घकाळ मोठ्यांच्याच आश्रयाने मिळत आली. आज ती चांदूर रेल्वेसारख्या गावातील मजुराच्या, गॅरेजवाल्याच्या व शेतकऱ्याच्या मुलामुलींच्या हाती अल्प खर्चात येऊ शकते. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे आपले काम आहे, आणि तिचा उपयोग प्रामाणिकपणे, पडताळा पाहत करणे हे त्यांचे. उद्या ह्यांतील कोणी धरणाच्या नकाशावर किंवा रेल्वे पुलाच्या कागदावर सही करील. त्या सहीमागे शंभर निरुपद्रवी चुकांचा अनुभव असावा, म्हणजे शंभर-एकावी चूक लोकांच्या माथी येणार नाही.